ओझरच्या पेट्या

मेळाव्याच्या स्मरणिका समितीने नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्याचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. नांदेड-लातूरकडून ओझरला गेलेल्या आपल्या मंडळींत सांगाड्यावर रिव्हेट मारणारे होते, इंजिन बसवणारे होते, वायरिंग करणारे होते. मी भांडारातला. माझी सगळी नोकरी पेट्या उघडण्यात आणि पेट्या बंद करण्यात गेली. समितीतले एक जण म्हणाले, "मग तेच लिहा की. विमानांचं सगळ्यांनी लिहून झालंय."

लातूरला गंजगोलाईच्या बाजारात माझे मामा मापाडी होते. पोत्यावरचा मार्का लांबून बघून माल कुठल्या आडतीचा आणि कुठे निघालाय ते सांगत. मी ओझरला पॅकिंगच्या कामावर लागलो असं कळल्यावर म्हणाले, "म्हंजी बारदान्याच्या खात्यात लागलास म्हण की!" मला तेव्हा राग आला होता. गावभर 'भाचा मिगमध्ये आहे' असं झालेलं, आणि हे बारदाना म्हणतात. पुढे कळलं की त्यांनी नेमका शब्द वापरला होता.

ऑगस्ट 1962 मध्ये मिग-21 साठी रशियाशी करार झाला. दोन महिन्यांत चीनचं युद्ध आलं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 1963 साली ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिगचा कारखाना तीन ठिकाणी वाटला गेला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. हैदराबादचं नाव निघालं की आपल्याकडच्या जुन्या लोकांना तो कारखाना घरचाच वाटे. नांदेड-लातूर 1956 पर्यंत त्याच राज्यात होतं. या कामासाठी 1963 साली एरोनॉटिक्स इंडिया नावाची कंपनी निघाली, आणि 1 ऑक्टोबर 1964 रोजी ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मिळून आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल झाली. ओझरच्या माणसांनी मात्र ही अक्षरं फारशी मनावर घेतली नाहीत. गावालाच 'ओझर मिग' म्हणायला लागले.

कारखाना उभा राहायच्या आधीच पेट्या येऊन पोचल्या होत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं. हवाई दलाची पहिली मिग-21 विमानं 1963 च्या सुरुवातीला बोटीने मुंबईला आली ती पेट्यांतून. सांताक्रूझला रशियन अभियंत्यांनी ती जोडली, त्यांच्याच वैमानिकांनी उडवून पाहिली आणि मग आपले वैमानिक ती चंदीगडला घेऊन गेले. आपल्या देशात आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या पहिल्या विमानांचं आगमन हे असं, कटावणीने फळ्या उचकटून झालं.

ओझरलाही तेच. 1966 च्या सुमाराला इथे जी मिग-21 एफएल तयार होऊ लागली, ज्यांना आम्ही 'टाइप-77' म्हणायचो, ती सुरुवातीला जोडलेली होती, घडवलेली नव्हती. भाग तिकडून यायचे. मग हळूहळू पेट्यांचा आकार बदलत गेला, आणि माझ्या मते कारखान्याचा खरा इतिहास या बदलात आहे. आधी मोठमोठ्या पेट्या यायच्या, आत अख्खा पंख, अख्खं शेपूट. मग मध्यम पेट्या, आत तयार तुकडे. मग लहान पेट्या, आत सुटे भाग. शेवटी पेट्यांऐवजी धातूचे पत्रे आणि सळ्याच येऊ लागल्या. कच्च्या मालापासून घडवलेलं पहिलं विमान 1970 साली बाहेर पडलं. जुने लोक सांगत, त्या वर्षानंतर आवारात फळ्यांचे ढीग कमी दिसायला लागले.

मी 1976 ला रुजू झालो तेव्हा टाइप-96, म्हणजे मिग-21 एम चालू होतं आणि सुट्या भागांच्या रशियन पेट्या अजून येतच होत्या. पहिली पेटी उघडली ती नीट आठवते. कोनाड्याएवढीच, पण दोघांना उचलेना. बाहेरून काळ्या रंगात रशियन अक्षरं. आमचे वरिष्ठ एकेक शब्द बोट ठेवून वाचून घेत. 'वेर्ख' म्हणजे ही बाजू वर. 'ने कांतोवात्' म्हणजे आडवी-तिरपी करू नका. 'अस्तारोझ्ना' म्हणजे जपून. पेटीच्या बाजूला पत्र्याचा लहानसा खिसा ठोकलेला, त्यात मेणकागदात गुंडाळलेली यादी, 'उपाकोवोच्नी लिस्त'. आमच्यातला एक कंधारचा पोरगा म्हणाला, "साहेब, लिस्ट तर मराठीच हाय की!" आत उघडलं की तपकिरी, घट्ट ग्रीसचा वास. रशियन लोक त्याला तोफेचं ग्रीस म्हणतात. तोफांना फासायचं म्हणून ते नाव. त्या ग्रीसमध्ये लडबडलेला भाग, त्याच्याभोवती तेलकट कागद, त्याच्यावर कापड, आणि बाहेर पुन्हा तीच यादी दुसऱ्यांदा. ग्रीस केरोसीनने धुवून काढायला अर्धा दिवस गेला, आणि खालचा भाग असा निघाला जसा काल लेथवरून उतरला असावा.

एवढं ग्रीस कशाला, हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर भूगोलाचं होतं. 1967 च्या युद्धात सुवेझ कालवा बंद झाला तो 1975 पर्यंत. काळ्या समुद्रातून निघालेली बोट सरळ खाली येण्याऐवजी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायची. थंडीत भरलेली पेटी दोनदा विषुववृत्त ओलांडणार, मग आपल्या पावसाळ्यात धक्क्यावर पडून राहणार. पेटी बांधणाऱ्याने हा सगळा प्रवास तिथे बसून डोळ्यांसमोर आणलेला होता. पॅकिंग शिकायचं म्हणजे हेच शिकायचं. पेटी आपण बांधतो, पण ती असते उघडणाऱ्यासाठी. त्याला आपली भाषा येत नाही, आपण त्याच्या शेजारी उभे नसतो आणि चुकलं तर विचारायला तो येऊ शकत नाही.

मला हे चटकन पटलं, त्याला कारण मनमाड. तेव्हा नांदेडहून निघालेली मीटरगेज गाडी परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला संपायची. तिथे मुंबईकडची मोठी लाइन सुरू. नाशिकला जाणारा प्रत्येक माणूस गाडी बदलायचा आणि प्रत्येक डाग एका डब्यातून उतरून दुसऱ्या डब्यात चढायचा. दिवाळीला आईने दिलेला चिवड्याचा डबा मनमाडला हमालाच्या हातून निसटला की चुरा घेऊन ओझरला पोचायचं. माल प्रवासात फुटत नाही, चढवता-उतरवताना फुटतो. परदेशी जाणारी पेटी अशी किती वेळा उचलली जाते ते मोजून बघा: कारखाना, ट्रक, कसाऱ्याचा घाट, बंदरातलं गोदाम, क्रेन, बोट, आणि तिकडे हेच सगळं उलट्या क्रमाने.

पुढची वर्षं भराभर सांगतो. मिग-21 बिस आलं. 1980 नंतर आपल्या लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर संरक्षण राज्यमंत्री होते, त्याचा आम्हाला उगाचच अभिमान; कँटीनमध्ये नाशिककरांना ऐकवायला बरं पडायचं. मग मिग-27 ची लाइन लागली, आणि ती 165 विमानं होईपर्यंत चालली. एचएएलच्या हिशेबाने मिग-21 झाली 657.

1991 ला सोव्हिएत संघ मोडला आणि पेट्या थांबल्या. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण ज्या देशाचं हवाई दल एका देशाच्या सुट्या भागांवर उभं असतं, त्याला 'सुटा भाग' म्हणजे काय हे त्या वर्षी समजलं. ज्या गावातून रबरी सील यायचं ते गाव एका नव्या देशात, ज्या कारखान्यातून पंप यायचा तो दुसऱ्या. कुणाला पत्र लिहायचं तेच कळेना. विमान धावपट्टीवर उभं, पंख-इंजिन सगळं ठीक, आणि मुठीएवढ्या व्हॉल्व्हसाठी महिनोन्महिने जमिनीवर. हा भाग इथेच करा, तो भाग इथेच करा, असा धोशा त्या काळात लागला. विमान विकणारा फार तर एकदा भेटतो. सुटे भाग देणारा पुढची तीस वर्षं भेटत राहतो, आणि खरी सोयरीक त्याच्याशीच असते.

आता पेट्या बंद करण्याकडे येतो, कारण तेच काम कमी लोकांना माहीत आहे. परदेशात दुरुस्तीला किंवा दुसऱ्या देशाला द्यायला विमान वा सुटा भाग पाठवायचा तर आधी त्याला 'झोपवावं' लागतं. टाक्यांतलं इंधन पूर्ण काढायचं. वास राहिला तरी चालत नाही, वाफ पेट घेते. इंजिनमधलं चालू तेल काढून गंज न धरणारं तेल फिरवायचं. हायड्रॉलिकच्या नळ्या जिथे जिथे सुटतात तिथे प्रत्येक तोंडाला टोपी. एक तोंड उघडं राहिलं तर आत गांधीलमाशी घर करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाकांच्या खांबांतला वायूचा दाब उतरवायचा, टायरची हवा कमी करायची, बॅटरी काढून वेगळी. वैमानिकाच्या खुर्चीतली काडतुसं तर कधीच विमानाबरोबर जात नाहीत. ती स्फोटक म्हणून वेगळ्या कागदांवर, वेगळ्या पेटीत. मग पंख काढायचे. मिग-21 याबाबतीत गुणी विमान. पंखांचा पसारा अवघा सव्वासात मीटरच्या आत, आणि इंजिन बदलण्यासाठी धड मधून सोडवून मागचा भाग ओढून काढता येतो. पंखाचे बोल्ट ज्या भोकातून काढले त्याच भोकाचा नंबर टाकून कापडी पिशवीत, आणि पिशवी पंखालाच बांधलेली. बोल्ट वेगळ्या पेटीत टाकणारा माणूस आमच्याकडे फार दिवस टिकत नसे.

मग ओलाव्याशी लढाई. भाग गंजरोधक कागदात गुंडाळायचा, ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशवीत घालायचा, आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या, हवा शोषून काढून तोंड गरम पट्टीने बंद. आत एक कार्ड ठेवायचं, त्यावर ठिपके. निळे असले की कोरडं, गुलाबी झाले की पाणी शिरलं. या पुरचुंड्या टाउनशिपमध्ये फार लोकप्रिय होत्या. एका घरी पापडाच्या डब्यात निघाल्या, तेव्हा आम्ही वहिनींना हात जोडून सांगितलं की त्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते पोटात जाण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, "पण पापड किती कुरकुरीत राहतात!" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

लाकडाचेही नियम आहेत. परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत 56 अंशांना 30 मिनिटं तापवावं लागतं, म्हणजे त्यातली कीड दुसऱ्या देशात जात नाही. मग त्यावर कणसाच्या चित्राचा शिक्का बसतो. शिक्का नसेल तर आतला कोट्यवधींचा माल लाकडासाठी बंदरात अडकतो. आणि सगळ्यात शेवटी कागद. भागाचं लॉग कार्ड, म्हणजे त्याची जन्मपत्रिका: कधी झाला, किती तास चालला, कधी दुरुस्त झाला. रबराच्या सीलवर ते कधी घडवलं त्याची तारीख. कार्ड हरवलं तर चकाचक भागसुद्धा भंगार. कुठलाही हवाई दलवाला तो विमानाला लावणार नाही. मामांच्या भाषेत, मार्का गेला की माल बेवारस.

2004 पासून ओझरला सुखोई-30 एमकेआय बाहेर पडू लागलं आणि मिगच्या पेट्यांपुढे या पेट्या म्हणजे खोल्या वाटायला लागल्या. त्याआधीच्या सुखोईंची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्रात सुरू होते. 1997 साली पुण्याच्या लोहगावला पहिली सुखोई दाखल झाली. तो आधीचा, कमी सोयींचा प्रकार होता. अशी 18 विमानं पुढे परत देऊन त्यांच्या बदल्यात नवी घेतली. जुनी गेली बेलारूसमधल्या बारानोविचीच्या दुरुस्ती कारखान्यात, आणि त्यांतली 12 शेवटी अंगोलाच्या हवाई दलाने घेतली.

एचएएलने घडवलेली हलकी विमानं आणि हेलिकॉप्टरं बंगळूर-कानपूरहून बाहेर गेली. चेतक नामिबियाला आणि सुरीनामला, डॉर्नियर मॉरिशस आणि सेशेल्सला. मार्च 2024 अखेर दोन डॉर्नियर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला गेली ती हवाई दलाच्या सी-17 विमानांच्या पोटात बसून. डॉर्नियरचा पंख सतरा मीटरचा आणि सी-17 चं पोट साडेपाच मीटर रुंद. पण डॉर्नियरचा पंख धडाच्या माथ्यावर बसतो, तो सोडवला की झालं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा नांदेडला माझ्या घरात सगळे झेंडे बघत होते आणि मी पट्ट्या कुठून बांधल्यात ते बघत होतो.

सगळंच गोड झालेलं नाही, आणि स्मरणिकेत फक्त गोड लिहायची पद्धत मला मान्य नाही. इक्वेडोरला एचएएलने सात ध्रुव हेलिकॉप्टरं दिली. त्यांतली चार अपघातांत गेली आणि 2015 साली त्यांनी करारच रद्द केला. अपघातांच्या कारणांवर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं, पण इक्वेडोरच्या तक्रारींत सुट्या भागांचीही तक्रार होती. आम्ही 1991 ला ज्या टोकाला उभे होतो, त्या टोकाला आता दुसरं कुणी उभं होतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. निवृत्तीनंतर मी एका लहान खासगी कारखान्यात पॅकिंग शिकवायला जात असे. नाव सांगत नाही. जुलैचा पाऊस, ट्रक दारात उभा, मालक घाईत. सिलिका जेलचं पाकीट दुपारी फोडलं, मध्ये चहा झाला, दोन फोन झाले, आणि पुरचुंड्या पिशवीत गेल्या तासाभराने. तोपर्यंत त्यांनी आमच्याच शेडमधलं पाणी पिऊन घेतलं होतं. कार्ड मी ठेवलं, पण पिशवी बंद करण्याआधी पाहिलं नाही. सात आठवड्यांनी तिकडून एक फोटो आला. एकही ओळ लिहिलेली नव्हती. नुसतं कार्ड, आणि त्यावर सगळे ठिपके गुलाबी. बेअरिंगवर तांबूस थर. चाळीस वर्षांच्या नोकरीवाल्याला एवढा फोटो पुरतो. मी तो छापून घेतला आणि पोरांना शिकवताना पहिल्या दिवशी तोच दाखवत असे.

मिग-21 ची सेवा 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला संपली, जिथे ती सांताक्रूझहून पहिल्यांदा गेली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते दोन नव्या लाइन सुरू झाल्या. एक तेजसची, दुसरी एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाची. दोन्ही हलकी. इथे घडलेल्या तेजसने त्याच दिवशी उड्डाण केलं. तेजसच्या पंखांचा पसारा सव्वाआठ मीटरच्या आत, म्हणजे मिगपेक्षा जेमतेम मीटरभर जास्त. बातमी वाचून पहिलं गणित माझ्या डोक्यात तेच आलं. एचटीटी-40 चं इंजिन अमेरिकेच्या हनिवेल कंपनीचं आहे, म्हणजे पेट्या उघडणं अजून संपलेलं नाही. ही विमानं उद्या दुसऱ्या देशांना दिली गेली, तर बंद करण्याचं कामही वाढणार आहे. लातूरच्या आणि नांदेडच्या आयटीआयमधून जी पोरं दरवर्षी ॲप्रेंटिसशिपला ओझरकडे बघतात, त्यांच्या घरच्यांनी फिटर-वेल्डरच्या जोडीला पॅकिंगची चौकशीही करावी. या खात्याला अजूनही कुणी आपणहून जात नाही.

एक विनंती करून थांबतो. भांडारातून टाकाऊ म्हणून लिलावात गेलेल्या रशियन पेट्यांच्या फळ्या आपल्यापैकी अनेकांनी घरी नेल्या. कुणाच्या घरी त्यांचा पाट झाला, कुणाच्या घरी देव्हारा. माझ्याकडे एक पाट आहे, उलटा केला की 'वेर्ख' दिसतं. ज्यांच्याकडे अशी अक्षरं असलेली फळी, जुनी पॅकिंग लिस्ट किंवा पेट्यांसमोर काढलेला फोटो असेल, त्यांनी तो मेळाव्याच्या दिवशी सोबत आणावा. दिवसभर एका टेबलावर मांडून ठेवू, संध्याकाळी ज्याचं त्याला परत. फळी आणण्याआधी घासू नका, आणि रंग तर मुळीच देऊ नका.